सहा जणांचं घर आणि ६८ हजारांचा मेडिक्लेम: परवडेल असं काय करता येईल?

केळीपट्टा_यावल

राम राम मंडळी. शेती यावल तालुक्यात, केळी आणि थोडी कपाशी. घरात सहा माणसं: मी ४१, पत्नी ३७, मुलगी १४, मुलगा ९, आबा ७२, आई ६६. आबांना आठ वर्षांपासून शुगर आहे, बीपीचीही गोळी चालू. बाकी कुणाला काही नाही. रेशन कार्ड केशरी, सगळ्यांची नावं त्यावर आहेत. धाकटा भाऊ जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात, पगार १७ हजार, वेगळा राहतो.

एजंटने सहा जणांची एकत्र ५ लाखांची फॅमिली फ्लोटर सांगितली आहे. हप्ता वर्षाला ६८,४४० रुपये. कागदावर ‘रूम भाडे विमा रकमेच्या १ टक्का’ असं लिहिलंय. एवढे पैसे दरवर्षी काढणं अवघड आहे, केळीचा भाव पडला त्या वर्षी तर नाहीच. गावात लोक म्हणतात, केशरी कार्डावर ५ लाखांपर्यंत फुकट होतं, मेडिक्लेम कशाला?

प्रश्न तीन. सरकारी कार्ड असताना मेडिक्लेम लागतो का? लागत असेल तर हप्ता कमी कसा करायचा? आणि एजंट म्हणतो, आबांची शुगर फॉर्मवर लिहू नका, हप्ता वाढेल. हे ऐकावं का?

तापीकाठ

भाऊ, आधी त्या ६८,४४० ची फोड करा. ५८,००० वर १८ टक्के जीएसटी लावला की बरोबर ६८,४४० होतात. एजंटकडचा तक्ता जुना दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे. (बँक किंवा संस्थेमार्फत मिळणाऱ्या ग्रुप पॉलिसीला ही सूट नाही.) नवं कोटेशन मागा, त्यात मूळ हप्ता आणि कर वेगळा लिहून घ्या.

खरी अडचण करात नाही, सहा जणांना एका गाड्यात बसवण्यात आहे. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावरून ठरतो. आबा ७२ चे, म्हणून तुमच्या चौघांचाही भाव ७२ च्या रकान्यातून निघतोय. वर पाच लाख सहा जणांत एकच. आबांची एक अँजिओप्लास्टी झाली की त्या वर्षी मुलांसाठी हाती फारसं उरत नाही. चौघांची पॉलिसी वेगळी काढा, आई-आबांचा विचार वेगळा करा. एवढ्यानेच कोटेशन कुठल्या कुठे खाली येईल.

आता सरकारी कार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं सगळी रेशन कार्डं आली आणि कव्हर दीड लाखावरून ५ लाख झालं. ही रक्कम कुटुंबाला मिळून वर्षाला. योजना चांगलीच आहे. डायलिसिस, केमोथेरपी, बायपास, अँजिओप्लास्टी यांत घराचं दिवाळं निघण्यापासून ती वाचवते, आणि आपल्याकडे धुळे जिल्हा २०१२ च्या पहिल्याच टप्प्यात होता, त्यामुळे लोकांना ती ओळखीची आहे. पण ‘५ लाखांपर्यंत सगळं फुकट’ हे गावातलं गणित चुकीचं आहे. योजनेत ठरलेल्या उपचारांची यादी आहे. यादीत नसलेल्या आजाराला एक रुपयाही मिळत नाही. दवाखाना योजनेत असला तरी त्यातला नेमका विभाग योजनेत असावा लागतो: हाडांसाठी घेतलेला दवाखाना हृदयासाठी चालत नाही. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. शिवाय दवाखान्याला पैसे पॅकेजच्या दराने मिळतात, त्यामुळे बेड नाही, नंबर पुढच्या महिन्यात, असंही ऐकावं लागतं.

म्हणून दोन्ही लागतं, पण दोन्हीचं काम वेगळं. कार्ड म्हणजे तळाचा पाया. मेडिक्लेम म्हणजे यादीत नसलेला आजार आणि हवा तो दवाखाना निवडण्याची मोकळीक. एकाच ॲडमिशनमध्ये थोडं योजनेतून, थोडं मेडिक्लेममधून असं जमत नाही. दारातच ठरवावं लागतं.

दवाखान्यात गेल्यावर पहिल्यांदा आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाचं, टेबल शोधा. रोख पेशंट म्हणून ॲडमिट होऊन चार दिवसांनी ‘आमच्याकडे कार्ड आहे’ म्हणणं, इथंच निम्मी प्रकरणं फसतात. पूर्वमंजुरी उपचाराआधी लागते. इमर्जन्सीत फोनवरूनही नोंद होते, कागद मागून देता येतात, पण नोंद आधी. रेशन कार्डाचा बारा आकडी ऑनलाइन नंबर काढून ठेवा आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का ते आजच पाहा. योजनेत असताना दवाखान्याने पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन.

सातपुडा_शहादा

आबांबद्दल एक भर. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. ५ लाखांचं कव्हर, आजार आधीपासून असला तरी पहिल्या दिवसापासून. शुगरला वेटिंग, म्हणजे थांबण्याची मुदत, नाही. मोबाइलवर आयुष्मान ॲप उघडून आधार ई-केवायसी केली की कार्ड निघतं. सीएससी सेंटरवरही होतं. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड घेता येतं.

अडतं कुठे ते सांगतो. वय आधारवरचं धरतात. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या आधारवर जन्मतारीख म्हणजे अंदाजाने १ जानेवारी आणि साल दोन-चार वर्षं इकडे तिकडे. आधारवर ६८ दिसत असतील तर ॲप पुढे सरकतच नाही. आधी आधार केंद्रावर तारीख दुरुस्त करावी लागते आणि त्याला शाळेचा दाखला किंवा जन्माचा पुरावा लागतो. आबांचं आजच उघडून पाहा.

दुसरं, आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड यांत लोक फार गल्लत करतात. आभा म्हणजे चौदा आकडी आरोग्य ओळख क्रमांक, त्यावर तुमचे रिपोर्ट जोडले जातात. त्यात विमा नाही. कितीतरी लोक आभा काढून ‘पाच लाखांचं झालं’ म्हणून निश्चिंत बसलेत.

तिसरं नवापूर-तळोदा-शहादा पट्ट्यासाठी, पण शिरपूर-चोपड्यालाही लागू. आपले पेशंट सुरतला आणि इंदूरला जातात. केंद्राच्या आयुष्मान योजनेचं कार्ड दुसऱ्या राज्यातल्या योजनेत असलेल्या दवाखान्यात चालतं. राज्याच्या योजनेचा भरवसा सीमा ओलांडल्यावर धरू नका. गाडी करण्याआधी १४५५५ वर कार्ड नंबर सांगून विचारा.

पांझरा_हिशेब

‘रूम भाडे १ टक्का’ ही ओळ हप्त्यापेक्षा महाग पडते. कशी, ते आकड्यांतच दाखवतो.

५ लाखांची पॉलिसी, १ टक्का म्हणजे रोजचं ५,००० रूम भाडं. समजा नाशिकला ८,००० ची खोली घेतली, पाच दिवस. बिल असं: खोली ४०,०००. सर्जन ६०,०००, भूल १८,०००, ऑपरेशन थिएटर २२,०००, व्हिजिट आणि नर्सिंग २०,०००, म्हणजे हे चार मिळून १,२०,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या ७०,०००. हातमोजे, मास्क, ॲप्रन असलं सामान ६,०००. एकूण २,३६,०००.

माणूस मनात धरतो, खोलीचे रोजचे ३,००० जास्त, पाच दिवसांचे १५,००० आपल्या खिशातून, विषय संपला. प्रत्यक्षात कंपनी प्रमाण लावते. ५,००० भागिले ८,००० म्हणजे ६२.५ टक्के. हे प्रमाण खोलीला तर लागतंच, पण सर्जन, भूल, थिएटर, व्हिजिट यांनाही लागतं. १,२०,००० चे ७५,००० मंजूर. खोलीचे २५,०००. औषधं-इम्प्लांट-तपासण्यांना कपात नाही, ते पूर्ण ७०,०००. हातमोज्यांचे शून्य. हाती १,७०,०००. खिशातून ६६,०००.

आपल्या भागासाठी कामाचा एक मुद्दा इथेच आहे. ज्या दवाखान्यात खोली कुठलीही घेतली तरी सर्जन आणि थिएटरचा दर एकच असतो, तिथे ही प्रमाणाची कपात लावता येत नाही, फक्त खोलीचा फरक कापता येतो. तालुक्याच्या ठिकाणचे बरेच छोटे दवाखाने असेच चालतात. कपात झालीच तर दवाखान्याकडून लेटरहेडवर ‘आमचे शस्त्रक्रियेचे दर खोलीच्या वर्गानुसार बदलत नाहीत’ असं लिहून घ्या आणि दरपत्रक जोडून फेरविचार मागा.

पण मुळात अशी पॉलिसी घेऊच नका. खोलीला रुपयांची मर्यादा नसलेली, निदान ‘सिंगल प्रायव्हेट रूम’पर्यंत चालणारी पाहा. ‘आरोग्य संजीवनी’ ही सगळ्या कंपन्यांत एकसारखी असणारी स्वस्त पॉलिसी आहे, पण तिच्यातही खोलीला २ टक्के आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये रोज, आयसीयूला ५ टक्के आणि जास्तीत जास्त १०,००० आणि प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के आपला वाटा आहे. यावल-जळगावात भागेल. मुंबईत भागणार नाही.

केळीपट्टा_यावल

खूप आभार. चौघांचं वेगळं कोटेशन घेतलं. खोलीची मर्यादा नसलेली ५ लाखांची १७,४०० ला येते. १० लाखांची २२,९०० ला. दुसऱ्या एकाने ५ लाखांवर ‘टॉप-अप’ घ्या म्हणून सांगितलं. हे काय असतं आणि घ्यावं का? आणि शुगरचं कुणी सांगितलं नाही.

तापीकाठ

टॉप-अप नाही, सुपर टॉप-अप मागा. नावात एक शब्द जास्त, पण फरक मोठा. दोन्हींत एक उंबरठा असतो, त्याला डिडक्टिबल म्हणतात. त्याच्या वरचा खर्च ही पॉलिसी देते. उंबरठा ५ लाख धरा. वर्षात दोन ॲडमिशन झाली, एक साडेतीन लाखांचं, एक चार लाखांचं. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो, दोन्ही ५ लाखांच्या आत, म्हणून एक पैसाही देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो: साडेसात लाख, उंबरठ्याच्या वर अडीच लाख, ते देतो. खालचे पाच तुमच्या मूळ पॉलिसीतून.

उंबरठ्याच्या खालचे क्लेम कंपनीला द्यावेच लागत नाहीत, म्हणून वरचे २० लाख बरेच स्वस्त मिळतात. १० लाखांच्या एका पॉलिसीचा भाव आणि ‘५ लाख मूळ + २० लाख सुपर टॉप-अप’ यांचा भाव शेजारी लिहून बघा. बहुतेक वेळा दुसरी जोडी जास्त कव्हर देऊन हप्त्यात त्याच घरात बसते.

दोन काळज्या. सुपर टॉप-अपचंही स्वतःचं वेटिंग असतं, म्हणून दोन्ही एकाच महिन्यात घ्या. आणि शक्यतो एकाच कंपनीची घ्या. वेगळ्या असतील तर पहिल्या कंपनीचं सेटलमेंट पत्र आणि सगळ्या कागदांच्या शिक्का मारलेल्या प्रती दुसरीकडे नेत बसावं लागतं.

झोनचाही प्रश्न विचारा, म्हणजे कंपनी हप्त्यासाठी शहरांचे जे गट पाडते त्याचा. जळगाव-धुळ्याचा पत्ता असला की बऱ्याच कंपन्यांत हप्ता कमी बसतो. काही पॉलिसींत मात्र वरच्या झोनमध्ये, म्हणजे मुंबईत उपचार घेतले की १० ते २० टक्के आपल्या माथी येतात. काही कंपन्या सुरतलाही वरच्या झोनमध्ये धरतात. आपल्याकडून मोठा आजार झाला की माणूस मुंबई-नाशिकलाच निघतो, तेव्हा ‘झोनबाहेर उपचार घेतले तर किती कापणार’ याचं उत्तर लेखी घ्या.

आणि एजंट ८०डी खाली कर वाचतो असं सांगत असेल तर ते सोडून द्या. शेती उत्पन्नावर आयकर नाही, आणि पगारदारालाही ती वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

टीपीएडेस्क_जळगाव

शुगर लिहाच. फॉर्मवर ‘नाही’ लिहून वाचवलेले पैसे क्लेमच्या दिवशी व्याजासकट जातात. ते कसं घडतं हे माहीत असावं, म्हणून तपशिलात सांगतो.

पेशंट कॅज्युअल्टीत आला की निवासी डॉक्टर केस पेपरवर पूर्वेतिहास लिहितात. ‘शुगर आहे का? किती वर्षं?’ घाबरलेला नातेवाईक सांगतो, ‘असेल दहा-बारा वर्षं.’ कागदावर येतं: डीएम (म्हणजे मधुमेह), १२ वर्षं. हीच ओळ डिस्चार्ज कार्डवर उतरते. क्लेम तपासणारा सर्वांत आधी तीच वाचतो, मग प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेला अर्ज, उघडतो, तिथे मधुमेहापुढे ‘नाही’. क्लेम नाकारला, पॉलिसीही रद्द. क्लेम शुगरचाच असावा लागतो असंही नाही.

उलट खरं लिहिलं तर काय होतं? आधीच्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, आधी ही मर्यादा ४८ होती. हप्ता काही टक्के वाढू शकतो, कंपनी तपासणी करून घेईल, फार तर नाही म्हणेल. ६० महिने सलग पॉलिसी चालली की त्यानंतर माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच. पण त्या पाच वर्षांच्या भरवशावर खोटं लिहिणं म्हणजे चालू बोअरच्या वायरला ओल्या हाताने धरणं. ७२ व्या वर्षी पाच वर्षं ॲडमिट न होता जातील, याची हमी कोण देणार?

आजकाल फॉर्म एजंटच्या मोबाइलवर भरला जातो. तुम्ही फक्त ओटीपी सांगता. त्या ओटीपीने तुम्ही सगळ्या ‘नाही’ वर सही केलेली असते. पॉलिसी आल्यावर प्रपोजलची प्रत मागा आणि एकेक प्रश्न वाचा. चूक दिसली तर ३० दिवसांच्या फ्री-लूक मुदतीत दुरुस्त करा किंवा परत करा. सोबत ग्राहक माहिती पत्रक येतं, १ जानेवारी २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे आणि मागितलं तर मराठीतही द्यावं लागतं. मागा. चार-पाच पानांत वेटिंग, कपात, वगळलेले आजार सगळं असतं.

घरात एक वही करा. कुणाला कुठली गोळी कधी सुरू झाली, तारखेसह, आणि पहिल्या चिठ्ठीची झेरॉक्स. आबांची शुगर आठ वर्षांची असेल तर कॅज्युअल्टीत आठच सांगा. केस पेपरवर चुकीचं आलं असेल तर डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना जुनी चिठ्ठी दाखवून दुरुस्त करून घ्या, त्यांची सही आणि शिक्का घ्या. डिस्चार्जनंतर बदललेल्या कागदाकडे संशयाने पाहिलं जातं.

आता तालुक्याच्या दवाखान्यातला क्लेम. यावल, रावेर, चोपडा, अमळनेर, साक्री इथल्या बऱ्याच दवाखान्यांत कॅशलेस नसतं, पैसे भरून मागे मागायचे. आधी पाहा, दवाखान्याची नोंदणी आहे का. नसेल तर पॉलिसीच्या व्याख्येत १० लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, स्वतःचं थिएटर आणि रोजची नोंद लागते. खान्देशातली सगळी शहरं या १० खाटांच्या गटात येतात. पाच खाटांचा बिननोंदणीचा दवाखाना म्हणजे क्लेम गेला. कंपनीच्या वेबसाइटवर काळ्या यादीतल्या दवाखान्यांची यादी असते, तीही चाळा.

बिलाच्या बाबतीत आपल्याकडची हमखास चूक म्हणजे लेटरहेडवर ‘एकूण खर्च रु. ६५,०००’ आणि खाली सही. यावर नुसत्या क्वेरी येत राहतात. बिलावर नोंदणी क्रमांक, बिल क्रमांक, ॲडमिट-डिस्चार्जची तारीख आणि वेळ, आणि खोली, डॉक्टर, थिएटर, औषध अशी फोड हवी. मेडिकलच्या प्रत्येक बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली हवी. रिपोर्ट मूळ हवेत. स्टेंट किंवा प्लेट टाकली असेल तर तिच्या डब्यावरचं स्टिकर हवं, ते थिएटरमधूनच मागून घ्या, नंतर सापडत नाही. सोबत रद्द केलेला चेक, आधार, पॅन. कंपनीला कळवायचं इमर्जन्सीत साधारण २४ तासांत, ठरलेलं ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी. डिस्चार्जनंतर कागद देण्याची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते, १५ दिवसही असू शकते. ॲडमिट होण्याआधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांतल्या त्याच आजाराच्या तपासण्या-गोळ्यांचेही पैसे बहुतेक पॉलिसी देतात. ती बिलं लोक फेकून देतात.

नुसत्या तापाला सलाईन लावून दोन दिवस ठेवलं, गोळ्या तोंडानेच चालू होत्या, असे क्लेम ‘ॲडमिट करण्याची गरज नव्हती’ म्हणून पडतात. डॉक्टरांनी गरज का होती हे केस पेपरवर लिहिलेलं हवं: प्लेटलेट किती, बीपी किती, उलट्या किती वेळा.

कॅशलेसला नियम असा, पहिल्या मागणीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी. तीन तासांपुढे कंपनीमुळे थांबावं लागलं तर वाढीव भाडं कंपनीने सोसायचं. उशीर होत असेल तर दवाखान्याने फाईल पाठवल्याची वेळ विचारून लिहून ठेवा. बऱ्याचदा फाईल दवाखान्याच्याच टेबलावर पडलेली असते.

गिरणाकाठ_भडगाव

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, कंपनीच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायचं. तक्रार ऑनलाइनही होते. विमा नियामकाचा बीमा भरोसा नंबर १५५२५५. फोनवरची तोंडी तक्रार धरू नका, ईमेल करा आणि पोच ठेवा.

एमआयडीसी_कामगार

धाकट्या भावाचा पगार १७ हजार म्हणजे ते ईएसआयत (कामगार राज्य विमा योजनेत) बसतात, मर्यादा २१ हजार. त्यांचे कापले जातात ०.७५ टक्के, म्हणजे महिन्याला १२८ रुपये. मालक ३.२५ टक्के भरतो. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते का आणि आयपी नंबर (ईएसआयचा विमाधारक क्रमांक) आहे का ते पाहायला सांगा. दालमिल, चटई, पाइप असे कारखाने आहेत तिथे ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगारांची ही नोंद राहून जाते. अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही ईएसआयत घेता येतं, अट अशी की त्यांचं सगळं मिळून उत्पन्न महिन्याला ९ हजारांच्या वर नसावं. शेत कुणाच्या नावावर आहे, त्यावर हे अवलंबून राहील. तुमच्या आईंसाठी हा रस्ता आधी तपासा, त्याला वेगळा हप्ता नाही.

सातपुडा_शहादा

अपघाताचं विसरू नका, शेतकरी घरात तो धोका आजारापेक्षा कमी नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत, १८ ते ७० वयासाठी, मृत्यूला २ लाख. मुदत १ जून ते ३१ मे, म्हणून मे अखेर खात्यात पैसे हवेत. सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला, आणि नाव नसलेल्या घरातल्या एका माणसाला, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतही २ लाख मिळतात. साप, वीज, मोटारीचा शॉक हे त्यात येतं. हप्ता नाही, पण पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. सर्पदंशात लोक शवविच्छेदन टाळतात आणि पुढे पैसे अडकतात. या दोन्हींतून दवाखान्याचं बिल भागत नाही, हेही लक्षात ठेवा.

केळीपट्टा_यावल

आबांचं आधार पाहिलं, १९५३ आहे, वय वंदना कार्ड होईल. भावाच्या चिठ्ठीवर कपात आहे, पण शेत आबांच्या नावावर, म्हणून आईचं विचारावं लागेल. चौघांची ५ लाख आणि वर २० लाख सुपर टॉप-अप, दोन्ही मिळून २३,२०० होतात. आता शेवटचं. सध्या पेरणीच्या तोंडावर बियाणं-खतात पैसे अडकलेत. दिवाळीनंतर कापसाची पट्टी आली की घ्यावी का? आणि आईला वेगळी पॉलिसी घ्यावी का?

तापीकाठ

थांबू नका. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि मुतखडा, हर्निया, मोतीबिंदू यांना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. ही घड्याळं पॉलिसीच्या तारखेपासून चालू होतात. सहा महिने उशीर केला तर तेवढंच सगळं पुढे जातं, आणि मधे कुणाला काही निघालं तर तो ‘आधीचा आजार’ होतो.

पैशांची सोय अशी करता येईल. या वर्षी तिमाही किंवा सहामाही हप्ता घ्या, थोडा जास्त पडतो पण चालेल. चुकला तर तिमाही, सहामाही, वार्षिकला ३० दिवसांची सवलत असते, मासिकला १५. त्यापुढे पॉलिसी तुटली की जमा झालेलं वेटिंग शून्यावर येतं. पुढच्या वर्षापासून कापसाची पट्टी हाती आली की त्यातले २३ हजार त्याच दिवशी वेगळे मुदत ठेवीत टाका, जूनला त्यातून भरा. नाहीतर जून आला की बियाण्याला पहिला मान आणि पॉलिसी राहून जाते. कंपनी बदलावीशी वाटली तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज, वेटिंग सोबत जातं.

आईंचं वय ६६. वयाची ६५ ची अट आता नाही, त्यामुळे पॉलिसी मिळेल. पण त्या वयाला २० टक्के आपला वाटा असलेली पॉलिसी घेतली तर हप्ता खाली येतो. ३ लाखांच्या बिलात ६० हजार आपले, हे धरून चाला. माझं मत असं: आधी ईएसआयचा निकाल लागू द्या. नाहीच झालं, तर या वर्षी फुले योजनेवर राहा, आणि पुढच्या कापसाच्या पट्टीतून आईंची ५ लाखांची वेगळी पॉलिसी काढा. चार वर्षांनी वय वंदना त्यांनाही लागू होईल, तेव्हा ती ठेवायची की सोडायची ते बघता येईल. मुलांची पॉलिसी मात्र आईंसाठी अडवून ठेवू नका.

टीपीएडेस्क_जळगाव

एक राहिलं. पॉलिसी आली की कंपनीचा आणि टीपीएचा (कंपनीच्या वतीने क्लेम पाहणाऱ्या संस्थेचा) नंबर, पॉलिसी नंबर आणि आबांचं कार्ड यांचा फोटो घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये टाका, आई आणि मुलगी धरून. रात्री दोनला ॲडमिट करणारा माणूस तुम्हीच असाल असं नाही.